पारडघाटचं इंजिन

पारडघाटला पुराच्या आधी कागद येत असे. पूर कधी जुलैत यायचा, कधी ऑगस्टात, एखाद्या वर्षी यायचाच नाही. कागद मात्र दरवर्षी जूनमध्ये न चुकता. 'आपल्या गावास पुरविण्यात आलेली मोटारबोट चालू स्थितीत असल्याबाबत खात्री करून तसे प्रमाणपत्र सादर करावे.' खाली सही, सहीवर शिक्का. हा कागद इंजिनाला कोणी वाचून दाखवत नसल्यामुळे ते आपल्या मर्जीनं वागे.

बोट आली ती अठ्ठ्याण्णव साली. पांढऱ्या फायबरची, आठ माणसांची, आणि मागच्या फळीला अडकवायचं टू-स्ट्रोक इंजिन. वैनगंगा गावाला तीन बाजूंनी वेढते. चौथ्या बाजूला नाला आहे, आणि नदी फुगली की त्याच नाल्यातून पाणी उलटं आत येतं. मग गाव चार-चार दिवस बेट होऊन बसतं. बोट घाटावरच्या बाभळीला साखळीनं बांधली, साखळीला कुलूप घातलं, आणि बोट सरकारी असल्यामुळे किल्ली तलाठी साहेबांनी नेली. तलाठी साहेब गुरुवारी येत. पुरानंही गुरुवारीच यावं, असं कागदात कुठं लिहिलेलं नव्हतं, पण अपेक्षा तीच असावी.

बोटीनं गावाची एक सवय मोडली. आधी आठवा महिना लागला की बाईला पलीकडे कोणाच्या तरी घरी नेऊन ठेवत. मावशी असो, मावससासू असो, कोणी नसलं तर ओळखीच्या ओळखीची. 'पार नेली' म्हणत. बोट आल्यावर हे बंद झालं. "आता बोट हाय न," असं बाया एकमेकींना सांगू लागल्या. तीन वर्षांत पूर बेताचा आला, कोणाला बोटीचं काम पडलं नाही, त्यामुळे बोटीवरचा विश्वास आणखीच वाढला.

इंजिन ग्रामपंचायतीत ठेवायचं ठरलं होतं, पण ग्रामपंचायतीच्या खोलीला दार नव्हतं. म्हणून ते ठमाबाईच्या घरी, बुद्धाच्या फोटोखाली, लाकडी घोडीवर आलं. ठमाबाईचा पोरगा अश्वजित बोटचालक होता. तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गावातून पाच जण गेले होते. त्यात शेवटी द्यायचा फॉर्म पूर्ण भरता आला तो ह्या एकट्याला. कागदावर त्याच्या हुद्द्यापुढं 'सेवाभावी' लिहिलेलं होतं. बाकीचे दिवस तो दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत चिखल करायला जात असे.

ठमाबाई विधवा, पन्नाशीतली, हाडकुळी. तिच्या घरात बघण्यासारखं एकच होतं, फळीवरची पितळी भांडी. पाण्याचा एक गुंड, दोन थाळ्या, एक गडवा, चार वाट्या. नवरा गुलाब कोळशाच्या खाणीत होता तेव्हा त्यानं एकेक करून आणलेली. रोज सकाळी ती चिंच, धानाच्या कोंड्याची राख आणि तणसाचा बोळा घेऊन बसे आणि भांडी अशी काढी की गुंडात पाहून भांग पाडता यावा. गावात कोणाकडं सोयरे येणार असले की तो गुंड मागून नेत. इंजिनही ती रोज पुसायची. "एवढं मोठं धूड, पण याले चमक म्हणून नाई," एवढीच तिची तक्रार.

दोन हजार एकच्या जूनमध्ये कागद आला तेव्हा तिची सून रिना सातवा संपवून आठव्यात होती. गावात लसी टोचायला आलेल्या सिस्टरबाईनं तिच्या पायाच्या नळीवर अंगठा दाबला होता. खड्डा पडला, तो भरून आलाच नाही. "अंगावर सूज हाय. हिचं घरी करू नका," सिस्टरबाई म्हणाली. "पाणी यायच्या आत हिले पलीकडं न्या."

"बोट हाय न जी," ठमाबाई म्हणाली.

अश्वजितनं त्याच दिवशी इंजिन अंगणात काढलं आणि दोरी ओढली. इंजिन चालू झालं नाही.

*

नूर मोहम्मद तालुक्याच्या स्टँडमागे लुना आणि जुन्या स्कूटरी दुरुस्त करायचा. वय साठीला टेकलेलं, दाढी पांढरी, नखं कायमची काळी. टू-स्ट्रोकच्या गाड्या कमी होत चालल्या होत्या आणि तिथली नवी पोरं ह्या गाड्यांना हात लावायला लाजत. त्यामुळे जुन्या सगळ्या गाड्या आणि पंचक्रोशीतलं हे एकुलतं एक बोटीचं इंजिन त्याच्या वाट्याला आलं होतं. शुक्रवारी सकाळी तो आपल्या लुनावर, हँडलला हत्यारांची थैली अडकवून पारडघाटला आला.

"किती ओढला?" त्यानं अश्वजितचा सुजलेला खांदा पाहून विचारलं.

"कालपासून, चाचा. एखाद वेळा फुर्र करते अन् बसते."

"चोक देल्यावर फुर्र करते का बिनाचोकचं?"

"चोकवरच."

"मंग करंट हाय. पेट्रोल पोहोचून नाई राह्यलं." त्यानं प्लग खोलला. टोक कोरडं होतं. प्लगला तार लावून अश्वजितला दोरी ओढायला सांगितली, निळी ठिणगी पडली. मग टाकीचं झाकण उघडून नाक आत घातलं आणि झटक्यानं बाहेर काढलं. "हे कधीचं पेट्रोल हाय?"

"परवाच्या सालचं. पुरासाठी आलं होतं, पूर आला नाई त शिल्लक राह्यलं. तहसिलातून सांगतलं, पुराचं हाय, पुरातच वापरा."

"अन् तेल मिसळून ठेवलं? टाकीतच? बाई, तुमी दोन सालाचं ताक पाजता का कोणाले?" नूर मोहम्मदनं ठमाबाईला विचारलं.

"मले काय मालूम जी. मी त रोज पुसतो त्याले."

कार्बोरेटर मुठीत मावेल एवढा. त्यानं तो उतरवला आणि खालची वाटी खोलली. आत पेट्रोल नव्हतंच. तळाला हिरवट-पिवळा चिकटा बसला होता, मोहाची राब आटवून करपल्यासारखा. वास अंगणभर झाला. ओसरीवर तूर निवडत बसलेल्या रिनानं पदर नाकाला लावला.

"चाचा, याच्या पोटात असं काऊन झालं?"

"काम न करता भरल्या पोटी दोन साल बसलं, बेटा. ऑफिसात गेलं असतं त याचं प्रमोशन झालं असतं."

रिना हसली. हसताना तिला धाप लागली आणि तिनं पोटाखाली हात धरला. ठमाबाईनं तिच्या पाठीमागे पोतं दुमडून सरकवलं.

नूर मोहम्मदनं सुटे भाग ठेवायला ताट मागितलं. ठमाबाईनं पितळी थाळी दिली. तिच्यात त्यानं ओळीनं एकेक वस्तू मांडली. तरंगणारा फ्लोट, त्याची सुई, स्क्रू आणि पितळेचे दोन जेट. हरभऱ्याच्या दाण्याएवढे, मधून आरपार भोक.

"हा पाय, बाबू. हा धाकटा जेट. इंजिन जागच्या जागी हळूहळू चालते न, ते याच्यावर जगते. अन् हा मोठा. जोर लावायचा आला, पाणी कापायचं आलं, की सारं पेट्रोल याच्यातून येते. हा बंद असला त इंजिन चालू राह्यते, पण कामाचं नाई. आवाज करते निस्ता."

"तार घालून मोकळा करू?"

"तार नाई! तारेनं भोक वाढते, मंग पेट्रोलचा हिसाब बिघडते." त्यानं तंबाखूच्या डबीतून म्हशीच्या शेपटीचा एक जाड केस काढला. पेट्रोलमध्ये बुडवून तो जेटमधून आरपार ओढला, पुन्हा ओढला, मग जेट डोळ्याला लावून सूर्याकडं धरला. "सूर्य दिसला पायजे. साफ केल्यावर एकदा पाह्यचं अन् बसवायच्या आधी अजून एकदा. माझ्या उस्तादनं इथं मारून शिकवलं." त्यानं आपला कान दाखवला.

अश्वजितनंही पाहिलं. दोन्ही जेटमधून सूर्य दिसत होता.

दुपार झाली. तालुक्याची जुम्म्याची नमाज हुकली होती, निदान जोहरची तरी नदीवर पढून येतो म्हणून नूर मोहम्मद उठला. इंजिन पाण्यात चालवून पाहायला ड्रम लागणार होता, तो भरायला अश्वजित हपशीवर गेला. जाताना नूर मोहम्मद म्हणाला, "बाई, थाळी कोंबड्यायपासून सांभाळा. यातलं एक जरी गेलं त नागपूरशिवाय भेटत नाई."

ठमाबाईनं थाळी सांभाळली. ती मांडीशी घेऊन बसली आणि मग तिची नजर आतल्या पितळेवर गेली. जेट मोकळे झाले होते, पण वरून काळपट-हिरवे होते. आपल्या थाळीत मळकं पितळ ठेवून माणूस नमाजाला गेला, ही गोष्ट तिला बरी वाटली नाही.

तिनं चिंच भिजवली. राख घेतली. तणसाचा बारीक बोळा केला आणि दोन बोटांच्या चिमटीत एकेक जेट धरून फिरवत राहिली.

"आई, त्याईले विचारलं काय?" रिना म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? सामान त्यायचं असंन, थाळी आपली हाय न."

तिनं तीन पाण्यांनी जेट धुतले, पदरानं पुसले आणि ओलावा राहू नये म्हणून थाळी चुलीच्या उबेला ठेवली.

नूर मोहम्मद परतला तेव्हा थाळीत दोन सोन्याचे मणी पडल्यासारखे दिसत होते. तो उकिडवा बसून पाहतच राहिला. चाळीस वर्षं तो लोकांच्या गाड्यांचा चिकटा काढत आला होता. त्याच्यासाठी कोणी एक पाना पुसून ठेवल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"बाई, असे त कंपनीतूनबी नाई निघत."

ठमाबाई लाजली. "पितळ हाय जी. त्याले हात लावला की ते हसते."

त्यानं जेट एकदा पेट्रोलमध्ये बुचकळले आणि बसवले. केस डबीत राहिला. आभाळ भरून आलं होतं, सूर्य तसाही दिसत नव्हता.

तीन वाजता तलाठी साहेब आले. कागदाची मुदत त्या दिवशी संपत असल्यामुळे ते शुक्रवार असून आले होते. इंजिन ड्रमच्या काठाला अडकवलं, पंखा पाण्यात बुडाला. ताजं पेट्रोल नूर मोहम्मदनं आपल्या लुनातून काढून दिलं. अश्वजितनं दोरी ओढली. पहिल्या ओढीला इंजिन खोकलं, दुसऱ्या ओढीला चालू झालं आणि टुकटुक करत राहिलं. गल्लीतली पोरं ओरडली. अश्वजितनं मूठ थोडी पिळली तर ड्रममधलं पाणी उसळून तलाठी साहेबांच्या पँटीवर गेलं.

"बंद करा, बंद करा! झालं ना चालू?"

"साहेब, एकदा नदीत लावून पाहू," नूर मोहम्मद म्हणाला. "ड्रमात जोर देता येत नाई. पाण्याचा लोड आल्याशिवाय याचं खरं काम समजत नाई."

"बोटीला कुलूप आहे."

"किल्ली?"

"ऑफिसात. आज माझा इथला वार आहे का?" तलाठी साहेबांनी कागद गुडघ्यावर धरला. "इथं 'चालू स्थितीत' असं लिहिलंय. चालू आहे की नाही तेवढं सांगा."

"चालू त हाय जी."

"मग करा सही."

नूर मोहम्मदनं हात पँटीला पुसले आणि एकेक अक्षर जुळवत सही केली. निघताना अश्वजितला म्हणाला, "गुरुवारी किल्ली मागून घे, बाबू. पात्रात नेऊन एकदा पूर्ण मूठ पिळ."

गुरुवारी तलाठी साहेबांची मीटिंग होती. पुढच्या गुरुवारी रोवणी सुरू झाली.

*

रोवणीच्या दिवसांत पारडघाटात उभं माणूस दिसत नाही. सगळे कमरेत मोडलेले, पिंढरीएवढ्या चिखलात, डाव्या हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची जुडी आणि उजव्या हाताची बोटं चिखलात खुपसून बाहेर येतात तेवढाच श्वास. ठमाबाई आणि अश्वजित पहाटे निघत. रिना घरी राही, भात रांधे, आणि पाय सुजून चप्पल चढेना म्हणून अनवाणीच बांधावर शिदोरी घेऊन येई. ठमाबाई तिच्यावर ओरडे आणि शिदोरी घेई. रोवणी आटोपली की तिला पार नेऊ, असं ठरलं होतं. अजून महिना होता.

मग पाऊस लागला. तीन दिवस तो थांबला नाही. चौथ्या सकाळी नाल्यातून पाणी उलटं आलं आणि रोवलेली बांधी नदीच्या रंगाची झाली. त्याच सकाळी रिनाला कळा सुरू झाल्या. तिचं डोकं ठणकत होतं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकतात म्हणत होती.

बाजेवर घालून तिला घाटावर आणलं. वर प्लास्टिक धरलेलं. अश्वजितनं खांद्यावर इंजिन आणलं आणि दगड घेऊन कुलूप ठोकलं. चौथ्या ठोक्याला ते तुटलं. नूर मोहम्मद सांगून गेला होता त्याला पाच आठवडे झाले होते आणि दगड तेव्हाही तिथंच होता.

बोटीत चौघं बसले. रिना, तिचं डोकं मांडीवर घेऊन ठमाबाई, मागे अश्वजित आणि पुढे बांबू घेऊन मुखरू ढिवर. मुखरूचा जन्म नदीवर गेला होता. आपल्या डोंग्याखेरीज कोणत्याच गोष्टीवर त्याचा भरवसा नव्हता. ठमाबाईनं रिनासाठी गडव्यात पिण्याचं पाणी घेतलं होतं. त्या गढूळ दिवसात गडवा तेवढा चमकत होता.

दुसऱ्या ओढीला इंजिन चालू झालं. काठावरच्या बायांनी "जय भीम" म्हटलं. कोणी रडत होतं, तेही थांबलं.

काठाच्या संथ पाण्यात बोट झकास चालली. शंभर-दीडशे हात आत गेल्यावर मुख्य धार लागली, बोटीचं तोंड फिरलं, आणि अश्वजितनं मूठ पिळली. इंजिन एकदा गुरगुरलं आणि बंद पडलं.

"काय झालं बे?" मुखरू ओरडला.

अश्वजितनं दोरी ओढली. चालू झालं. मूठ पिळली. बंद.

"हळूच दे न!"

हळू दिलं की ते टुकटुक चालत राही. पण त्या टुकटुकीत बोटीचं तोंड पलीकडच्या काठाकडं आणि बोट खालच्या अंगाला, असा प्रवास होऊ लागला. चोक ओढला तर क्षणभर जोर आला आणि पुन्हा गेला. चालू. बंद. चालू. अश्वजितच्या तळहाताची साल दोरीला चिकटून निघाली. एक अख्खं झाड, मुळांसकट, त्यांच्या शेजारून पुढं निघून गेलं.

"बाबू, सोड ते!" मुखरू म्हणाला. "हा बांबू धर! माझा डोंगा आणला असता त आतापर्यंत..."

ठमाबाईला इंजिनातलं काही कळत नव्हतं. ती त्याच्याकडं अशी पाहत होती, जसं तिनं पोटभर जेवून कामाला न उठणाऱ्या गड्याकडं पाहिलं असतं. "चाल न रे," ती म्हणत होती, "चाल न, रोज पुसलं न तुले."

बोट कोसभर खाली वाहत गेली आणि बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांत अडकली. तिथं, भर दुपारी, वरून पाऊस पडत असताना रिना बाळंत झाली. पोरगी झाली. रडलीसुद्धा. मुखरूनं पाठ फिरवून बांबू धरून ठेवला होता, त्यानं वळून न पाहता विचारलं, "जित्ती हाय न?"

"जित्ती हाय," ठमाबाई म्हणाली.

पोरीच्या आईचं रक्त मात्र थांबेना. बोटीच्या तळाला पावसाचं पाणी साचलं होतं ते लाल झालं. ठमाबाईनं पोरगी अश्वजितच्या सदऱ्यात कोंबली, गडव्यातलं पाणी फेकलं आणि त्याच गडव्यानं तळातलं पाणी उपसू लागली. उपसलं की पुन्हा लाल होई.

"आई, थंडी वाजते."

"पोहोचलो, बेटा. तो काय काठ दिसते."

"इंजिन चालू झालं काय?"

"झालं," ठमाबाई म्हणाली.

इंजिन बंद होतं. बांबूनं रेटत, फांद्या धरून ओढत ते पलीकडं लागले तेव्हा चार वाजले होते. ठमाबाई तेव्हाही गडव्यानं बोट उपसत होती. मुखरूनं तिच्या हातातून गडवा काढून घेतला.

*

आठ दिवसांनी पाणी ओसरलं आणि कागद आला. 'मोटारबोट ऐन वेळी बंद पडल्याबाबतचे कारण तात्काळ सादर करावे.' तलाठी साहेब तो घेऊन नूर मोहम्मदसकट आले. त्या दिवशी गुरुवार होता.

नूर मोहम्मदनं हत्यारांची थैली खाली ठेवली. इंजिनापाशी बसला. ठमाबाई ओसरीवर होती. मांडीवर पोरगी, बाजूला पितळी वाटीत बकरीचं दूध, त्यात कापसाची वात बुडवून ती पोरीच्या ओठांत पिळत होती. पोरगी चोखायची, दमायची, पुन्हा चोखायची. अश्वजित भिंतीला टेकून उभा होता. दोन्ही हातांना चिंध्या बांधलेल्या.

नूर मोहम्मदनं कार्बोरेटरची वाटी खोलली. स्वच्छ होती. धाकटा जेट काढून सूर्याकडं धरला, सूर्य दिसला. मोठा काढला. तो अजून चमकत होता. नूर मोहम्मदनं डोळ्याला लावला.

अंधार होता.

त्यानं डबीतला केस काढला, आत घातला. अर्ध्यावर अडला. हळूहळू फिरवत त्यानं तो पार केला. टोकाला आलेला करडा कण त्यानं अंगठ्याच्या काळ्या नखावर घेतला आणि दुसऱ्या बोटानं चोळला. चिकटा नव्हता, बोटाला धरला नाही. गाळ नव्हता, खरखर लागली नाही. मऊ पीठ झालं. धानाच्या कोंड्याची राख, पाण्यानं कालवून चुलीच्या उबेला वाळवलेली.

त्यानं मान वर केली. ठमाबाई त्याच्या नखाकडं पाहत होती. तिची वात हवेत थांबली होती आणि पोरगी तोंड उघडून ती शोधत होती.

"काय निघालं जी, नूरभाऊ?"

नूर मोहम्मदनं अंगठा पँटीला पुसला.

"चिकटा," तो म्हणाला. "जुन्या पेट्रोलचा. माझ्याकडून साफ करायचा राह्यला."

"तुमी साफ केला होता, चाचा," अश्वजित भिंतीपासून सुटला. "माझ्यासमोर. मी सूर्य पाह्यला होता त्याच्यातून."

"बसवायच्या आधी पाह्यचा असते. मी नाई पाह्यला." हे खरं होतं, त्यामुळे ते त्याला नीट म्हणता आलं. "डोळे गेले बाबू आता माझे. म्हातारा झालो."

"म्हातारे झाले त कायले सही केली?"

अश्वजितनं हत्यारांची थैली उचलली आणि अंगणात भिरकावली. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर चिखलात विखुरले.

"निघा. माझ्या घरात पाय ठेवू नका."

साठीचा माणूस चिखलात ओणवा होऊन एकेक पाना वेचू लागला. रोवणीला वाकतात तसाच दिसत होता. तेरा नंबरचा पाना सापडला नाही. तो शोधत थांबणं बरं दिसलं नसतं. तलाठी साहेबांनी 'मेकॅनिकच्या हलगर्जीपणामुळे' असं लिहून कागद पुढं केला. नूर मोहम्मदनं, उजेड चांगला असूनही, कागद डोळ्यांपासून लांब धरून सही केली.

घरी बायकोनं, नजमानं विचारलं, "क्या हुआ?" तो म्हणाला, "मैंने छेद नहीं देखा." आठवडाभरानं स्टँडवरचे लोक लुना दुसरीकडं नेऊ लागले तेव्हा तिला उरलेलं कळलं.

*

पुढच्या जूनमध्ये कागद आला. मजकुरात फरक नव्हता. दुसरा मेकॅनिक शोधण्यात महिनाभर गेला. एक जण आला, त्यानं जेटमध्ये तार घालायला काढली तेव्हा अश्वजितनं त्याला हाकललं. शेवटी तलाठी साहेबांचा निरोप पुन्हा स्टँडमागेच गेला.

नूर मोहम्मद आला. अश्वजितनं इंजिन अंगणात आणून ठेवलं आणि बांधीकडं निघून गेला. इंजिनाच्या झाकणावर तेरा नंबरचा पाना होता. कोणीतरी तो तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवला होता.

ठमाबाई ओसरीवर होती. वर्षाची होत आलेली पोरगी तिच्या भोवती रांगत होती.

"थाळी द्या जी, बाई."

तिनं थाळी आणून ठेवली. थाळी काळी होती. नूर मोहम्मदला आधी वाटलं, लोखंडी आहे. मग त्यानं फळीकडं पाहिलं. गुंड काळा, वाट्या काळ्या, कडांना हिरवा गंज. ज्या गुंडात पाहून गाव भांग पाडत होतं, त्यात आता दिवसाचा उजेडही पडत नव्हता.

"भांडे..." तो म्हणाला.

"हात दुखते जी आता," ठमाबाई म्हणाली. "घासणं होत नाई."

कोपरापर्यंत तिच्या हातावर ओला चिखल होता. ती आताच गुडघाभर पाण्यातून पऱ्हे उपटून आली होती.

"हो," नूर मोहम्मद म्हणाला. "उमर झाली की दुखते."

त्यानं कार्बोरेटर खोलला. जेट काढले, केसानं साफ केले, सूर्याकडं धरले, थाळीत ठेवले. बसवायच्या आधी पुन्हा उचलले, पुन्हा केस घातला, पुन्हा धरले. ठमाबाई खांबाला धरून पाहत होती.

"दिसला काय जी?"

"दिसला."

"मले दाखवा."

तिनं चिखलाचे हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि मोठा जेट दोन बोटांत असा घेतला जसा विंचू धरावा. डोळ्याला लावून सूर्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डोळ्यातून पाणी आलं, सूर्याकडं पाहिल्यावर कोणाच्याही येतं.

"एवढंसं भोक," ती म्हणाली.

"एवढंसंच राह्यते, बाई."

तिनं जेट त्याच्या तळहातावर ठेवला. तो बसवून होईपर्यंत ती तिथून हलली नाही. मग आत गेली आणि गडव्यात पाणी घेऊन आली. नूर मोहम्मदनं तो काळा गडवा दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला न लावता वरून धार धरून सगळं पाणी प्यायला आणि गडवा जमिनीवर ठेवला.

पोरगी रांगत आली. तिनं गडवा पालथा केला, त्याच्यावर दोन्ही हातांनी थापट्या मारल्या, आणि हात काळे झाले म्हणून ते वर धरून आजीला दाखवले.

ठमाबाईनं पदरानं तिचे हात पुसले. बोटं एकेक करून पुसली. गडवा तसाच राहू दिला.